गर्भारपणातला व्यायाम: हात वर केल्याने नाळ अडकत नाही

दोरीवर कपडे टाकताना हात वर केले की बाळाच्या गळ्यात नाळ अडकते, कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं, असं जामखेड-पाथर्डीच्या वस्तीवर सांगतात तसंच नगर शहरातल्या फ्लॅटमध्येही. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरं वारेला असतं. आईच्या खांद्याशी किंवा कुशीशी तिचा संबंध नाही. बाळ पाण्यात फिरत असतं, त्या फिरण्यात नाळ गळ्याभोवती येते. जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांपैकी एकाच्या गळ्यात ती दिसते आणि बहुतेक वेळा सुईण किंवा डॉक्टर ती सहज सोडवतात. म्हणून खांद्याचे, हात ताणायचे व्यायाम या भीतीपोटी सोडायचं कारण नाही. आणि हात वर करायला मनाई असलेली तीच सून दिवाळीनंतर कोयत्यावर गेली की दिवसभर वाकून ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेते; तेव्हा मात्र कुणी हरकत घेत नाही!

शरीराच्या स्थितीने फरक पडतो, पण तो रक्ताच्या वाटेमुळे. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या बाजूने वर जाते. साधारण पाचव्या महिन्यानंतर बाई उताणी पडली की जड झालेली गर्भाची पिशवी त्या शिरेवर दाब देते. रक्त पाठीतल्या आडवाटांनी वळतं, म्हणून अनेकींना काहीच जाणवत नाही. काहींना मात्र गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. कूस बदलली की बरं वाटतं. म्हणजे पाठीवर पडून दोन मिनिटं पाय हलवले तर घाबरायला नको. मात्र तसं बराच वेळ पडून राहणं टाळावं. तो व्यायाम डाव्या कुशीवर, बसून किंवा हात-गुडघे टेकून करावा. उजव्या कुल्ल्याखाली गोधडीची जाड घडी सरकवली तरी दाब कमी होतो. झोपेचंही तसंच: शेवटच्या तीन महिन्यांत झोपताना कुशीवर व्हावं, रात्रीत उताणं झाल्याचं लक्षात आलं तर पुन्हा वळावं. त्रास नुसता उताणं पडण्यानेच होतो असंही नाही. एका जागी बराच वेळ उभं राहिलं तरी रक्त पायांत साचतं, चक्कर येऊ शकते; चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आमच्या आज्या शेतात राबल्या, त्यांना कुणी व्यायाम शिकवला? राबल्या खऱ्या, पण ज्यांचं बाळ गेलं किंवा ज्या स्वतः गेल्या, त्यांची गोष्ट या वाक्यात येत नाही. शिवाय कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. दम लागला की थांबता येतं, स्थिती बदलता येते, तो व्यायाम. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपायी, म्हणजे आगाऊ रकमेपायी, तासन् तास वाकणं आणि ओझं वाहणं यात तो पर्यायच नसतो, आणि अवजड उचलण्याने गर्भपाताचा व अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो असं बरेच अभ्यास सुचवतात. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, म्हणजे बोलता येईल इतक्या वेगाचं चालणं. उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण नॉर्मल होतंच, हीही हमी नाही; गुडघे दुखत नसतील तर बसावं, एवढंच.

वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर यातलं काहीही आपल्या मनाने करू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. वार कुठे आहे आणि कोणता व्यायाम चालेल, हे तिथेच विचारून घ्यावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर निघण्याआधी नक्कीच.