सर्दीच्या विषाणूचे रूप आणि आपली लेबले

प्रतिश्यायाचा रुग्ण येत नाही असा दवाखाना विरळाच. या व्याधीवरील काही चूर्णांच्या वेष्टनांवर 'विषाणूनाशक' हा शब्द छापलेला आढळतो. औषधनिर्मात्या बंधूंनी तो छापण्यापूर्वी पुढील हकीकत जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

सर्दीस पुष्कळदा कारण होणारा ऱ्हायनोव्हायरस अवघा ३० नॅनोमीटर व्यासाचा. त्याच्या १४ क्रमांकाच्या प्रकाराची रचना अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन व सहकाऱ्यांनी १९८५ साली निश्चित केली. त्यासाठी प्रथम विषाणू शुद्ध करून त्याचे स्फटिक करावे लागले. खडीसाखरेचे खडे धरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही क्रिया परकी वाटू नये. मात्र येथे शिस्तीने रचला जाणारा प्रत्येक कण म्हणजे एक अख्खा विषाणू! अशा स्फटिकातून क्ष-किरण गेले की ते ठरावीक दिशांना वळतात व असंख्य ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या तीव्रतेवरून, बऱ्याच गणितानंतर, अणूंची मांडणी कळते. हे स्फटिक किरणांच्या माऱ्यात फार लवकर बिघडत. म्हणून कॉर्नेल येथील सिंक्रोट्रॉनचे अतितीव्र किरण वापरून अल्पावधीत चित्रे घेण्यात आली.

कवचावर दरीसारखी खोल खाच दिसली. आपल्या पेशींवरील ग्राहक रेणू तेथेच जुळतो. प्रतिपिंडे या दरीच्या तळाशी पोहोचू शकत नाहीत, असा रॉसमन यांचा तर्क होता. १९९६ साली एक प्रतिपिंड आत शिरताना दिसल्यावर तो सैल करावा लागला. दरीच्या तळाखाली एक पोकळीही आहे. तीत बसून विषाणूस निष्प्रभ करणारे रेणू १९८६ सालीच स्फटिकचित्रांत दिसले.

त्याच वाटेने प्लेकोनारिल हे औषध आले. त्याने सर्दी सुमारे एका दिवसाने कमी होई. तरीही २००२ साली अमेरिकन औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली नाही. गर्भनिरोधक गोळ्यांच्या परिणामात ते बाधा आणते, ही एक मोठी हरकत होती.

विषाणूतील जागा अणूगणिक ठाऊक असता ही गत झाली. 'प्रतिश्यायावर उपयुक्त' असे आपण ग्रंथाधारे लिहू शकतो. 'विषाणूनाशक' लिहिल्यास मात्र कोणता विषाणू, कोणती मात्रा व कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल, हे विचारणाऱ्या ग्राहकास दाखविण्याजोगा कागद दुकानात हवा.