सॉफ्टवेअर-निर्मितीचा वेग : मापदंडांच्या निवडीचा प्रश्न

एखादी संस्था सॉफ्टवेअर किती वेगाने तयार करून देते, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु वेग म्हणजे काय, हे निश्चित केल्यावाचून तो मोजता येत नाही. आणि ती निश्चिती पुष्कळदा शास्त्रीय विचाराने न होता हिशेबाच्या वहीने होत आली आहे.

मुंबईच्या उपनगरांतील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७३ साली अंधेरी पूर्वेस निर्यात-प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. नाव सांताक्रूझचे आणि जागा अंधेरीची, असा हा प्रकार. लोकव्यवहारात ते ‘सीप्झ’ म्हणूनच रूढ झाले. टाटा-बरोजसारख्या कंपनीने सॉफ्टवेअरच्या निर्यातीस आरंभ केला तो याच परिसरातून. त्या काळी संगणकांची आयात परवान्यांनी जखडलेली होती व परदेशाशी जलद संपर्काची साधने नव्हती. त्यामुळे बरेचसे काम प्रोग्रामरला ग्राहकाच्या कचेरीत धाडूनच होत असे. अशा व्यवहारात विक्रीचे एकक ‘मनुष्य-महिना’ ठरावे, हे स्वाभाविकच होते.

बिल करावयास हे एकक सोयीचे खरे. तथापि त्याने मोजले जातात ते श्रम. काम ग्राहकाच्या हाती केव्हा पडले, याविषयी ते काहीच सांगत नाही. किंबहुना काम रेंगाळले, तर बिल वाढते! माणसे आणि महिने यांची परस्परांशी अदलाबदल करता येत नाही व रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रखडते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात मांडले. प्रोग्रामच्या ओळी मोजण्याची पद्धती, तसेच आयबीएममधील ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये पुढे आणलेले ‘फंक्शन पॉइंट’ यांनी कामाचा आकार कळतो, वेग नव्हे. अलीकडचे ‘स्टोरी पॉइंट’ हे तर प्रत्येक गटाचे खाजगी नाणे होय. दोन गटांची त्यावरून तुलना करणे निरर्थक आहे.

मग मोजावे काय? निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांच्या ‘ॲक्सिलरेट’ (२०१८) या ग्रंथाने चार मापे रूढ केली : प्रोग्राममधील बदल नोंदल्यापासून तो प्रत्यक्ष वापरात येईपर्यंतचा काल, असे बदल वापरात आणण्याची वारंवारता, बिघाड घडविणाऱ्या बदलांचे प्रमाण, आणि बिघाडानंतर सेवा पूर्ववत होण्यास लागणारा काल. पहिली दोन वेगाची व उरलेली दोन स्थैर्याची.

पहिल्या दोहोंत गल्लत होऊ नये. बोरिवलीहून दर काही मिनिटांनी लोकल सुटते, एवढ्यावरून प्रवाशाला चर्चगेटला पोहोचण्यास किती वेळ लागला हे कळत नाही. गर्दीमुळे त्याला दोन गाड्या सोडाव्या लागल्या असतील, तर तो वेळ वेळापत्रकात कोठेच दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्येही कालाचा मोठा वाटा टेस्टिंगच्या व मंजुरीच्या रांगेत जाऊ शकतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो : स्थिर प्रवाहात, हाती असलेल्या कामांच्या सरासरी संख्येस दर आठवड्यास पूर्ण होणाऱ्या कामांच्या संख्येने भागले असता प्रत्येक कामास लागणारा सरासरी काल मिळतो. समजा, २४ कामे हाती आहेत व आठवड्यास ६ पुरी होतात. म्हणजे चार आठवडे. उरक तोच ठेवून ४८ कामे हाती घेतली, की आठ आठवडे. कोणीही आळस केलेला नसताना ग्राहकाची प्रतीक्षा दुप्पट होते.

सरासरीही एकटीच घेऊ नये. दहांपैकी नऊ बदल दोन-दोन दिवसांत पार पडले आणि एक ४२ दिवस अडकला, तर सरासरी सहा दिवस भरते, मध्यक मात्र दोनच दिवस. दोन्ही आकडे खरे. पहिल्याने नेहमीचा अनुभव झाकला जातो, दुसऱ्याने अडकलेला बदल.

सर्वांत निर्णायक बाब म्हणजे घड्याळ कोणत्या क्षणी सुरू करावयाचे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार, दूरसंचार-दुव्यांतील बिघाडानंतर, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले व दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. पुढील महिन्यात ‘सेबी’ने बाजार-संस्थांसाठी ‘आपत्ती’ जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांत यंत्रणा पूर्ववत करण्याची मर्यादा घातली. परंतु ती जाहीर करण्यासच ३० मिनिटांची स्वतंत्र मर्यादा ठेवली. ही दुसरी मर्यादा नसती, तर आपत्ती उशिरा जाहीर करून पहिली मर्यादा सहज पाळता आली असती.

वेगाच्या मापातही हीच पळवाट असते. घड्याळ बदल नोंदल्यापासून सुरू केले, तर ग्राहकाच्या मागणीची चिठ्ठी त्यापूर्वी तीन महिने पडून राहिली तरी माप निर्दोषच दिसते. प्रोग्रामरांच्या हातातील प्रक्रिया सुधारावयाची असेल, तर हे लहान घड्याळ योग्य. ग्राहकाशी केलेल्या कराराचा प्रश्न असेल, तर मागणीच्या दिवसापासूनच मोजले पाहिजे. आणि हाच आकडा व्यक्तीच्या वार्षिक मूल्यमापनास जोडला, की बदलांचे कृत्रिम तुकडे पडू लागतात : वारंवारता वाढते, ग्राहकास मात्र पूर्वीइतकेच थांबावे लागते.