मनाचा आजार केमोची तारीख कशी चुकवतो

पाटण, शिराळा, कडेगाव भागातल्या बायका स्तनाच्या कॅन्सरच्या उपचाराला बहुधा कराडची वाट धरतात. मलकापूरचं कृष्णा हॉस्पिटल त्यांच्या माहितीचं. निदान झाल्यापासून घरीदारी एकच बोलणं कानावर पडतं : "टेन्शन घ्यायचं न्हाई, त्यानं गाठ वाढती." सांगणाऱ्याला माया असते. पण मग रडू आलं तरी बाई धसकते, आपणच आजार वाढवतोय म्हणून.

मन सावरलं की आयुष्य वाढतं, ही आशा जुनी आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका सरासरी दीड वर्ष जास्त जगल्याचं त्यात दिसलं. मात्र २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तीच पद्धत वापरली, तेव्हा मनाचा त्रास कमी झाला, आयुष्य वाढलं नाही. नंतर खुद्द स्पीगल यांनाही पहिला निकाल पुन्हा मिळाला नाही.

तरी नैराश्य असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलंय. त्याचं कारण गाठीत शोधण्याआधी उपचाराच्या वेळापत्रकात शोधावं, असं माझं मत.

केमो बहुतेकदा दर २१ दिवसांनी. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन आठवडे. म्हणजे रोज पहाटे आवरून एसटी धरायची. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, किमान पाच वर्षं. नैराश्यात नेमकी उठायची उमेद जाते. एक तारीख हुकते, मग "आता काय उपयोग" म्हणून दुसरी. ऑपरेशन झालंय, दुखत काही नाही, अशा वेळी गोळी तर सहज सुटते. स्किझोफ्रेनियासारखा जुना आजार असेल तर गाठ मुळात उशिरा कळते. बाईचं दुखणं घरात "तिचं नेहमीचंच" म्हणून सोडून दिलं जातं.

दुसरी अडचण औषधांची. टॅमॉक्सिफेन पोटात गेलं की यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं जास्त प्रभावी रूप तयार करतं. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं त्याच विकराला अडवतात. कॅनडातल्या २०१० च्या एका अभ्यासात टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ घेतलं, तितके स्तनकर्करोगाचे मृत्यू जास्त दिसले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं आढळलं नाही, तरी डॉक्टर शक्यतो ही जोडी टाळतात. व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्रामसारखे पर्याय असतात. चालू गोळी मनानंच बंद मात्र करू नये, त्याचा वेगळा त्रास होतो. गंमत म्हणजे केमोतल्या उलट्यांवर मिळणारी ओलान्झापिन मुळात मानसोपचारातलीच गोळी. मेडिकलवाला "ही डोक्याची हाय" म्हणाला म्हणून ती फेकून देऊ नये.

मग नैराश्य ओळखायचं कसं? त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत काय वाटलं ते विचारतात, गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी. इथे एक गोची आहे : भूक मरणं, थकवा हे केमोनंही होतं, आणि सोबतच्या स्टिरॉइडनं झोप उडते. म्हणून सोबत येणाऱ्या जावेनं किंवा लेकानं जेवणाखाण्यापेक्षा वेगळं काही बघावं. नातवंड जवळ आलं तरी चेहरा खुलतो का? "तुमच्यावर ओझं झाले" असं ती वारंवार म्हणते का? जगणं नको असं बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन केला तर समुपदेशक मराठीतूनही बोलतात.

आणि मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी कॅन्सरच्या फाइलमध्येच ठेवावी, लाजून घरी ठेवू नये. ती समोर असली तरच कॅन्सरच्या डॉक्टरांना दोन्ही औषधं एकत्र चालतील का ते बघता येतं.