साखळी बदलण्याची हत्यारे

खंडेनवमीला आपल्या मराठी घरांतून, मग ती इंदुरास असोत वा बडोद्यास, हत्यारांची पूजा अजून होते. मात्र पूजेची पेटी उघडली की तीत एक गंजका पाना, मूठ नसलेली हातोडी आणि पक्कड एवढेच निघते. मोटारसायकलची साखळी घरी बदलावयाची तर ही सामग्री पुरत नाही. (गॅरेजात तिला सारे 'चेन' म्हणतात. आम्हांस त्याचे वावडे नाही. साखळी म्हटले की दाराची कडी आठवते, हेही खरे.)

१८८० साली मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस गृहस्थांनी बुश-रोलरच्या साखळीचे पेटंट घेतले. तिची घडण मुळात आजही तीच आहे. ती झिजते पिन व बुश यांच्या आत, म्हणून वरून तेल चोपडून गेलेली साखळी परत येत नाही. मागील चक्राच्या अगदी पाठीमागे ती बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडला तर तिचे दिवस भरले. नवी आणताना कड्यांची संख्या आणि तिच्यावरील आकडा पाहावा. ४२८ मधील ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात दोन पिनांतील अंतर अर्धा इंच. ५२० ची साखळी त्या चक्रावर बसणारच नाही. दोन्ही चक्रे साखळीबरोबरच बदलावीत; झिजलेले दाते नवी साखळी लवकर खातात.

आता हत्यारे. एक्सलच्या नटाच्या नेमक्या मापाचा रिंगपाना आणि दुसरी बाजू धरावयास आणखी एक. उघड्या तोंडाच्या पान्याने नटाचे कोपरे झडतात. चेनलॉकची क्लिप काढण्यास नोकदार पक्कड. साखळी रिव्हेट केलेली असेल तर चेन कटर हवाच, आणि त्यापूर्वी पिनेचे डोके घासून काढावे. छिन्नी-हातोडीचा प्रयोग आम्हांस मान्य नाही. टॉर्क पाना महाग खरा, पण एक्सलचा नट किती आवळावा हे हाताला कळतेच असे नाही.

साखळी काढण्यापूर्वीच पुढच्या चक्राचे बोल्ट सैल करावेत: गाडी गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबलेला. साखळी निघाल्यावर ब्रेकचा आधार त्या चक्राला उरत नाही.

क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते तिकडेच हवे. वरच्या पदरावर ते पुढे येते. उलट बसवलेली क्लिप निसटली तर साखळी तुटून मागचे चाक जखडू शकते, आणि मागे बहुधा घरातलेच कोणी बसलेले असते.

ताण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा; चाक हाताने फिरवून जेथे साखळी सर्वांत घट्ट लागते तेथे मोजावा. इंजिन चालू ठेवून चाक फिरवणे कटाक्षाने टाळावे, बोटे जातात. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवून मगच नट आवळावा. तेथे स्प्लिट पिन असल्यास ती नवीच घालावी. नवी साखळी प्रथम थोडी ढिली पडते. काही दिवसांनी ताण पुन्हा पाहावा.