लाल त्रिकोणाची भाषा

१९६१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे २८ टक्के होते. अशा समाजास कुटुंबनियोजनाचा संदेश केवळ अक्षरांतून कसा द्यावयाचा? केंद्रीय अधिकारी दीप त्यागी यांच्या पुढाकाराने त्या दशकात उलटा लाल त्रिकोण प्रचारात आला. तीन सरळ रेघा व एकच रंग. गावचा कोणताही रंगारी तो भिंतीवर सहज रेखाटू शके आणि वाचता न येणाऱ्या स्त्रीसही ही सेवा कोठे मिळते ते उमगे. जोडीला आईवडील व दोन मुले असे चार हसरे चेहरे असत. १९७६ मध्ये अनेक राज्यांत शस्त्रक्रियांची सक्ती झाली, तेव्हा लोकांनी या कार्यक्रमाची धास्ती घेतली. यात आकृतीचा दोष अर्थातच नव्हता. १९७७ मध्ये कार्यक्रमास 'कुटुंब कल्याण' हे नवे नाव देण्यात आले. चिन्ह मात्र तेच ठेवण्यात आले.