दीर्घिकागुच्छांचे पूर्वज ओळखायचे कसे?

नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभारली. दीर्घिकागुच्छांचे पूर्वरूप शोधणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. आधी हायड्रोजनचे अजस्र ढग जमले आणि ते फुटून दीर्घिका झाल्या, अशी एक वजनदार मांडणी तेव्हा होती. असा ढग असता, तर हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ९२ सेंटिमीटरच्या आसपास सापडली असती. तसे ढग मिळाले नाहीत. आधी लहान दीर्घिका आणि मग त्यांची जमवाजमव, हाच क्रम पुराव्यांनी पक्का केला. तरीही खोडदचा खटाटोप वाया गेला असे मला वाटत नाही. पूर्वज म्हणून आता कोट्यवधी प्रकाशवर्षांत पसरलेली, अजून गोळा होत असलेली दीर्घिकांची दाटी शोधायची आहे, आणि तिची वाट दाखवायला कमी कंप्रतेची हीच दुर्बीण उपयोगी पडते.

अतिदूरच्या रेडिओ दीर्घिका, म्हणजे प्रखर रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिका, कमी कंप्रतेला ठळक असतात, वरच्या कंप्रतेला झपाट्याने मंदावतात. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ९० टक्के आकाश नोंदवले. त्या नोंदींतून निवडलेली एक रेडिओ दीर्घिका २०१८ मध्ये जाहीर झाली. तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून जुना आहे. इतकी वजनदार दीर्घिका दाट वस्तीतच वाढणार, हा नुसता अंदाज नाही. खगोलशास्त्रज्ञ व्हेनेमान्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीवरून घेतलेली रेडिओ दीर्घिकांच्या परिसराची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी किमान सहा ठिकाणी शेजाऱ्यांची संख्या नेहमीच्या तीन ते पाच पट भरली.

ही दाटी केवळ दृष्टिरेषेत आलेल्या, मागेपुढे असलेल्या दीर्घिकांची असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येकीची ताम्रसृती, म्हणजे प्रसरणाने तिचा प्रकाश किती ताणला गेला ते, वर्णपटातून मोजल्याशिवाय दावा मान्य करू नये. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दीर्घिकेची रेडिओ अवस्था विश्वाच्या वयाच्या मानाने अल्पजीवी असते, त्यामुळे या खुणेने असंख्य पूर्वज निसटतात. ते खरेच आहे. या पद्धतीने पूर्वजांची पूर्ण गणती होणार नाही, त्यासाठी इतर मार्गही लागतील. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने महास्फोटानंतर अवघ्या ६५ कोटी वर्षांनी एकत्र असलेल्या सात दीर्घिका वर्णपटानेच निश्चित केल्या.

पण या दाटीचा पुढे गुच्छच होईल कशावरून? संगणकीय प्रतिरूपे केवळ शक्यता सांगतात. त्यांहून मला भरवशाचा वाटतो तो तप्त वायू. स्पायडरवेब या रेडिओ दीर्घिकेभोवती, दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दाटीत, अल्मा दुर्बिणीला २०२३ मध्ये असा वायू आढळला. इतका तापलेला वायू धरून ठेवायला दीर्घिकांच्या सामायिक गुरुत्वाकर्षणाची खोल विहीर लागते, आणि तिथे ती तेव्हाच तयार होऊ लागली होती.