गाणगापूरची सुनावणी

माझी छत्तीस वर्षांची नोकरी मामलेदार कचेरीत गेली. जमीन, वारसा, बांध आणि पाण्याची पाळी यांवरून भांडणारी माणसे त्या काळात मी इतकी पाहिली की, फिर्यादीने अर्जात लिहिलेली तक्रार आणि त्याच्या पोटातली तक्रार या दोन्ही क्वचितच एक असतात, एवढे एक ज्ञान मला पेन्शनीबरोबर फुकट मिळाले. हे ज्ञान पुढे एका देवस्थानात उपयोगी पडेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या चुलतभावाच्या सुनेला घेऊन गाणगापुरास अकरा दिवस मुक्काम करण्याचा प्रसंग आला. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, कामाला वाघ, बोलायला मितभाषी. दोन वर्षांपासून तिला दिवेलागणीच्या सुमारास, बहुधा चुलीपाशीच, दातखीळ बसे; हाताची बोटे आखडत, डोळे वर जात, आणि अर्ध्या घटकेने ती उठून पुन्हा भाकरी थापायला बसे. सोलापुरात रक्त तपासून झाले, मेंदूची छायाचित्रे काढून झाली, आणि शेवटी एका डॉक्टराने दोन मिनिटांत 'हिला काही झालेले नाही' असा निकाल देऊन झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या 'काही नाही'ने घरात जो घोटाळा केला, तो दुखण्यानेही केला नव्हता. कारण काही नाही म्हणजे सोंग, असा त्याचा सरळ अर्थ सासरच्या मंडळींनी लावला. मग कोणीतरी म्हणाले, 'बाहेरचं असेल, गाणगापूरला सेवेला बसवा.' मला थोडे कानडी येते आणि रिकामपण भरपूर, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता, हे येथे नमूद करून ठेवतो.

गाणगापूर हे कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यातील गाव; सोलापूर-वाडी लोहमार्गावर गाणगापूर रोड स्थानकाला उतरून पुढे वीसेक किलोमीटर जावे लागते. कारंज्याला जन्मलेले, दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती नरसोबाच्या वाडीला बारा वर्षे राहून पुढे येथे आले, वीस वर्षांहून अधिक काळ राहिले आणि पंधराव्या शतकात श्रीशैलाकडे निघून जाताना आपल्या निर्गुण पादुका मागे ठेवून गेले, अशी श्रद्धा आहे. भीमा आणि अमरजा या नद्यांचा संगम गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर, आणि पादुकांचा मठ भर गावात. त्यांची कथा सांगणारे 'गुरुचरित्र' वाचणाऱ्याला ठाऊक असते की त्या ग्रंथात दुखणाईतांची केवढी गर्दी आहे: कोणाला कुष्ठ, कोणाला पोटशूळ, कोणाची मुले जगत नाहीत, आणि बिदरच्या बादशहाला तर मांडीवर फोड. त्यातला मला आवडणारा रोगी म्हणजे तो पोटशुळाचा ब्राह्मण, जो जेवण सोडून, कंटाळून, जीव द्यायला निघालेला असतो, आणि स्वामी ज्याला औषध म्हणून पोटभर जेवू घालायला सांगतात.

सेवेचा दिनक्रम कडक असतो. पहाटे उठून संगमाला चालत जायचे, थंड पाण्यात स्नान करायचे, ओल्या वस्त्राने औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या, पारायण असेल त्याने पोथी घेऊन झाडाखाली बसायचे, भस्म लावून चालत गावात परतायचे, दुपारी झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागायची, मिळेल ते खायचे आणि सायंकाळी मठात आरतीला हजर राहायचे. भर दुपारी दत्तमहाराज स्वतः कोणत्यातरी वेषाने भिक्षेला येतात असा समज असल्यामुळे तेथे मागणाराला कोणी झिडकारत नाही. आमच्या सूनबाईने लग्नानंतर प्रथमच असे अन्न खाल्ले की, जे तिने रांधलेले नव्हते आणि ज्याच्या मिठाबद्दल तिला कोणी जाब विचारणार नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने तिसरी भाकरी मागून घेतली, ही गोष्ट बरोबर आलेल्या वहिनींनी, म्हणजे तिच्या सासूने, मला बाजूला बोलावून, जणू चमत्कार झाला अशा स्वरात सांगितली.

आता आरतीचे सांगतो. पहिल्या संध्याकाळी निघण्यापूर्वी वहिनींनी सुनेचा पदर कमरेला खोचून त्याला तीन पिना लावल्या, निऱ्यांना आणखी दोन लावल्या, वेणी सोडून घट्ट अंबाडा घातला आणि काचेच्या बांगड्या काढून रुमालात गुंडाळल्या. सवाष्णीचा हात मोकळा करताना त्यांचा जीव चरकला, म्हणून दोन्ही हातांत एकेक बांगडी तेवढी ठेवली. ही सारी तयारी शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईने शिकवली होती, जी आपल्या मुलीला घेऊन तेथे दुसरा महिना काढीत होती. बाधा झालेल्या माणसाला 'झाड' म्हणतात. ज्याच्यावर भूत येऊन बसते ते झाड, आणि अशा झाडांची निगा कशी राखावी याचे सगळे शास्त्र या म्हाताऱ्या बायांपाशी असते.

नगारा सुरू झाला, झांजा आणि घंटा त्यात मिसळल्या, आणि मंडपाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून हुंकार उठू लागले. घुमणे प्रथम मानेत दिसते असे लोक म्हणतात; मला ते आधी श्वासात दिसले. छाती भरभर वरखाली होऊ लागते, तोंडातून 'हुं, हुं' असा आवाज ठेक्यावर येतो, मग खांदे, मग मान, आणि अंबाडा सुटून केसांचे चक्र फिरू लागते. एक तरुण खांबाला मिठी मारून सरसर वर चढला आणि तेथून अस्सल शिव्या देऊ लागला. एक प्रौढ बाई फरशीवरून गडगडत खांबापर्यंत गेली आणि वीतभर अंतरावर आपोआप थांबली. तिच्या वाटेत कोणाचे तरी रांगते मूल बसले होते, त्याला वळसा घालून ती गेली. तेव्हा ही माणसे बेशुद्ध असतात असे मी म्हणणार नाही. ती सोंग करतात असेही म्हणवत नाही, कारण त्या बाईच्या कोपराची सालटी निघाली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. शुद्ध आणि बेशुद्ध यांच्या मधल्या ज्या पट्टीवर ती उभी होती, तिची मोजणी कोणत्याच दप्तरात नाही. आरती संपली, नगारा थांबला आणि पाच मिनिटांत सारा मंडप शांत झाला. खांबावरचा तरुण खाली उतरून आपली चप्पल शोधू लागला.

आमची सून चार संध्याकाळी नुसतीच डोलली. पाचव्या दिवशी ती बोलली. आवाज जाडा, पुरुषी. आपण विहिरीत बुडून मेलेला इसम असून हिला भर दुपारी पाण्यावर धरली, असे त्याने प्रथम सांगितले. मग तो वहिनींकडे वळला आणि त्यांना अरेतुरे करीत म्हणाला, 'पंचमीला बाप न्यायला आला होता. दारातनं परत घालवलास. महिन्याने मेला तो. तोंड दिसलं नाही मला.' एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. हकिगत खरी होती. घरात काम अडते म्हणून व्याह्यांना चहा देऊन परत पाठवले होते, आणि त्या मुलीने त्याबद्दल दोन वर्षांत अवाक्षर काढले नव्हते. विहिरीत बुडालेल्या पुरुषाला पंचमीच्या माहेरपणाचे एवढे दुःख का व्हावे, हा प्रश्न कचेरीत असतो तर उलटतपासणीत मी पहिला विचारला असता. तेथे तो कोणीच विचारला नाही, आणि न विचारण्यातच सारी खुबी होती. सुनेने जे म्हटले असते तर उर्मटपणा ठरला असता, ते भुताने म्हटल्यावर जबानी झाली. वहिनी हात जोडून उभ्या होत्या. 'चुकलं बाबा माझं,' त्या इसमाला वहिनी म्हणाल्या, 'सोड माझ्या पोरीला.' पोरीला हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीविषयी सुधीर कक्कर या मनोविश्लेषकाने आपल्या १९८२ सालच्या ग्रंथात लिहिले आहे, ते मी नंतर वाचले आणि हसूच आले. तेथे रोग्याने प्रथम 'दरखास्त' द्यायची, मग 'अर्जी' लावायची, मग त्याची 'पेशी' होते आणि भूत आपले 'बयान' देते. भैरव हे तेथले कोतवाल. आपली कचेरी आणि त्यांचे देवस्थान यांचा शब्दकोश एकच निघाला! गाणगापुरी हे शब्द वापरीत नाहीत, पण काम तेच चालते. रोग्याची बाजू ऐकून घेतली जाते, ती भलत्याच्या नावावर नोंदली जाते, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला सुनावणीच्या वेळी जातीने हजर राहावे लागते. दवाखान्यात सासू बाहेरच्या बाकावर बसली होती.

शरीराचे म्हणाल, तर तेही या व्यवहारात मुकाट्याने बसलेले नसते. भरभर श्वासाने रक्तातला कर्बवायू उतरतो. त्यामुळे डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात. म्हणजे घरी चुलीपुढे जे तिच्या इच्छेविरुद्ध होत होते, तेच येथे ठरल्या वेळी, ठरल्या ठेक्यावर, चारचौघांत होऊ लागले. ज्याला सुरुवात असते आणि शेवटही असतो, त्याचे भय निम्मे होते. त्यात रोजची सहा-सात किलोमीटरची चाल, थंड पाणी आणि ठरलेल्या वेळची झोप. विश्वास हाही नुसता मनाचा खेळ नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाढ काढलेल्या रोग्यांना औषध नसलेले औषध दिले. ज्यांची वेदना त्याने उतरली, त्यांना नॅलोक्सोन टोचताच ती पुन्हा चढली. नॅलोक्सोन अफूचा अंमल रोखते. विश्वासापोटी शरीराने आपली स्वतःची अफू गाळली होती, असा त्याचा अर्थ होतो.

माझा एक भाचा मनोविकारतज्ज्ञ आहे. त्याने मला २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला एक लेख दाखवला. बंगळुरूच्या निमहान्समधील रघुराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या मुथुस्वामीच्या देवळात राहिलेले, गंभीर मनोविकार असलेले एकतीस रोगी तपासले होते. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात, औषधावाचून आणि खास विधीवाचूनही, त्यांची लक्षणे जवळजवळ एकपंचमांशाने कमी झाली. नातेवाईक सोबत राहत, रोगी देवळातली हलकी कामे करीत, आणि तेथे त्यांना कोणी वेडे म्हणत नसे. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे भाच्याने बजावून सांगितले, आणि ते मीही येथे बजावतो.

कारण त्याच गाणगापुरात मी दुसरेही पाहिले. आमच्या धर्मशाळेत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला फेफरे होते, आणि ते आरतीला येत नसे. पहाटे झोपेत येई, जीभ चावून तोंडातून रक्त येई, अंथरूण ओले होई. सेवा सुरू करताना बापाने त्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. देवावर भरवसा ठेवायचा तर पुरा ठेवावा, हे त्याचे म्हणणे. मी दोन रात्री त्याच्याशी हुज्जत घातली, कचेरीतला आवाज काढून दटावलेही. तो ऐकून घेई आणि 'होय आबा' म्हणून पाया पडे. मुलाला आणखी दोन झटके आले. मला तेव्हा तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण झाली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा तेथे ठेवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण मरण पावले, कारण त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे व मारणे हा आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, आणि तो ठरवून घेण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी मारले गेले. गोळी बंद करणाऱ्या बापाला मात्र कोणते कलम लावायचे?

आमच्या सुनेला त्यानंतर चार वर्षांत दोनदा दातखीळ बसली. दोन्ही वेळा वहिनींनी नाकाशी कांदा फोडण्याऐवजी तिला माहेरी पाठवले. भाच्याकडे ती सहा महिने जात होती. तो तिच्याशी बोले तेव्हा सासूलाही आत बसवून घेई. पंचमीला तिला नेण्यास आता तिचा भाऊ येतो.

गाणगापूरला जाणाऱ्यांनी खुशाल जावे, संगमावर स्नान करावे, माधुकरी मागावी, आणि घरच्या माणसाला बरोबर न्यावे, कारण बहुतेक काम त्याच्यापाशीच असते. पण फेफरे, मधुमेह, हृदयविकार किंवा क्षय यांची औषधे चालू असतील, तर ती झोळीतच असू द्यावीत आणि तीर्थ घेतल्यावर, वेळ न चुकवता, घ्यावीत. त्यात देवाचा अवमान होत नाही. मी तेथल्या एका वयोवृद्ध पुजाऱ्यांना विचारले होते. ते स्वतः रक्तदाबाची गोळी घेत होते.